माळ्यावरची मोडी वही किती जुनी? आधी कुठली तारीख हवी ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. आजोळच्या वाड्याच्या माळ्यावर खारव्यात, म्हणजे जाड्याभरड्या लाल कापडात, बांधलेली एक लांबट वही निघाली. वरच्या कडेला शिवलेली, सगळी मोडीत. पुणे प्रांतातल्या एका कसब्याच्या पेठेचा मोहतर्फा, म्हणजे दुकानदार आणि कारागिरांवरचा कर, त्यात मांडलेला दिसतो. पहिल्या पानावरचं कुणीतरी तुम्हाला वाचून दिलं: ‘सु॥ सन सलास तिसैन मया व अलफ’. आत एक सुटा कागद आहे, त्यावर ‘श्री राजा शाहू नरपति’ असा शिक्का. म्हणून मामा म्हणतात, वही थोरल्या शाहू महाराजांच्या वेळची. शेवटची काही पानं उजेडासमोर धरली की आत इंग्रजी आकड्यांत १८२३ दिसतं. म्हणून तुमचा मित्र म्हणतो, हे सगळं इंग्रजी अमलात मागाहून केलेलं. आणि मधेच एका पानावर शके १७१४ च्या जागी १७१५ आलंय, सन मात्र तोच, त्यामुळे तुम्हालाच शंका आली की हे बनावट तर नाही?

बनावट म्हणायची घाई करू नका. गोंधळ वेगळाच आहे. ‘वही किती जुनी’ हा प्रश्न वहीला एकच जन्मतारीख आहे असं धरून विचारलेला आहे, आणि हिशेबाच्या वहीला ती नसते. व्यवहार झाला तो दिवस एक. तो पहिल्यांदा कागदावर आला तो दुसरा. तुमच्या हातातलं पान लिहिलं गेलं तो तिसरा, आणि सगळी पानं एकत्र शिवून खारव्यात बांधली तो चौथा. कधी या चारांत चार दिवसांचं अंतर असतं, कधी साठ वर्षांचं. गेली बावीस वर्षं मी लोकांचे वतनाचे, जमिनीचे, देवस्थानांचे मोडी कागद वाचते, आणि भांडणं बहुतेक वेळा याच चार तारखांची एकमेकींशी लावलेली असतात.

अशी वही तयार कशी होते ते पाहा. पेठेत शेटे-महाजन असत. बाजाराची, दुकानांची, वसुलीची जबाबदारी त्यांची. गावचा पाटील-कुळकर्णी वेगळा. वसुली झाली की आधी चिठ्ठी, याद किंवा पावती. त्यावरून दिवसाच्या दिवसाला रोजकीर्द. रोजकीर्दीवरून माणसाच्या नावानुसार किंवा कराच्या बाबीनुसार खतावणी, आणि वर्ष सरल्यावर ताळेबंद. हे बरंचसं सुट्या बंदांवर लिहीत. बंद म्हणजे कागदाचा एक ताव. उभ्या घड्या घालून त्याचेच रकाने करायचे. रेघा आखायची गरज नाही, घडीची मोड हाच रकाना. तुमच्या वहीच्या पानांवर अशा उभ्या घड्यांच्या खुणा आहेत का, आणि त्या खुणा शिवणीच्या टाक्यांशी जुळतात का, हे पाहा. घड्या एकीकडे आणि टाके भलतीकडे असतील, तर बंद आधी सुटे होते आणि वही नंतर झाली. ही तपासणी करायला मोडी लिपी यावी लागत नाही. तुम्ही आज रात्री जेवणानंतर करू शकता.

आता सनाकडे येऊ. सलास म्हणजे तीन, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. अरबी आकडे एकं-दहं-शतं अशा उलट्या क्रमाने म्हणतात. झाले ११९३. हा सुहूर सन, ज्याला अरबी सन किंवा मृगसाल असंही म्हणतात. हिजरीतूनच हा फुटला, इ.स. १३४४ च्या सुमारास, तेव्हा दोन्हींचा आकडा ७४५ असा एकच होता. पुढे हिजरी चंद्रावर चालत राहिला आणि हा सूर्यावर, म्हणून दोघांत अंतर पडत गेलं. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुहूर सन बदलतो. शेतकऱ्याचं वर्ष तेच, वसुलीचंही तेच. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे तुमचं वर्ष जून १७९२ च्या सुरुवातीपासून जून १७९३ च्या सुरुवातीपर्यंत. गादीवर सवाई माधवराव, कारभार नाना फडणविसांचा.

पण ‘तिसैन’ नक्की तिसैनच आहे ना? हे मी दरवेळी दोनदा पाहते. ‘तिसैन’ म्हणजे नव्वद आणि ‘सितैन’ म्हणजे साठ. अक्षरं तीच, फक्त जागा बदललेल्या. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळभर रेघ आधी मारून तिच्याखाली अक्षरं एका दमात ओढत जातात. घाईच्या हातात त आणि स एकमेकांत मिसळले की ११९३ चे ११६३ होतात आणि वही तीस वर्षांनी म्हातारी होते. ‘मया’ डोळ्यांखालून निसटला तर १०९३, म्हणजे थेट १६९२. अशा वेळी नुसत्या सनावर भरवसा ठेवायचा नाही, दुसरा साक्षीदार शोधायचा. तुमच्याकडे तो आहे: आतल्या पानावर ‘शके १७१४ परिधावी नाम संवत्सरे’. शकात ७८ मिळवले की १७९२. संवत्सराचा, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाच्या नावाचा, ताळा असा: शकात १२ मिळवा, साठाने भागा, बाकी ४६ उरते, आणि सेहेचाळिसावा संवत्सर परिधावीच. ११६३ असता तर तिथे चित्रभानु हवा होता. फसली सन, म्हणजे वसुलीसाठी वापरला जाणारा आणखी एक सन, कुठे दिसला तर तोही लावून पाहा. दक्षिणेत फसली सुहूरपेक्षा नऊने पुढे, म्हणून १२०२ असायला हवा. दोन-तीन वेगळ्या कालगणना एकाच वर्षावर येऊन थांबल्या की मी निश्चिंत होते.

आणि ते १७१५? ती चूक नव्हे. शक बदलतो चैत्रात, सुहूर सन बदलतो मृगाला. त्यामुळे चैत्रापासून मृगापर्यंतच्या दोन-सव्वादोन महिन्यांत सन जुना आणि शक नवा अशीच जोडी यायची. तुमच्या पानावर ११९३ च्या वर्षात चैत्र महिना आणि शके १७१५ प्रमादी आहे, ते अगदी जसं हवं तसं आहे. उलट तिथे १७१४ असतं तर मी भुवई उंचावली असती. बनावट कागद करणारे नेमके इथे घसरतात. वर्षभर एकच शक आणि एकच सन लावून मोकळे होतात.

आता थोडी किचकट गोष्ट, पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती आहे म्हणून सांगते. एका नोंदीवर ‘छ २० सवाल’ असं आहे. छ म्हणजे चंद्र. मुसलमानी महिन्यातली तारीख. सवाल म्हणजे शव्वाल महिना. पेशवाईच्या कागदांत ही पद्धत सर्रास दिसते: वर्ष सुहूर, महिना मात्र हिजरीतला. गंमत अशी की सुहूर वर्ष ३६५ दिवसांचं आणि बारा चांद्र महिने ३५४ दिवसांचे. म्हणजे दर सुहूर वर्षात अकराएक दिवसांच्या चंद्रतारखा दोनदा येतात, एकदा वर्षाच्या तोंडाशी आणि एकदा शेपटाशी. ११९३ मध्ये हा दुहेरी तुकडा नेमका सवाल महिन्याच्या उत्तरार्धात पडतो. त्यामुळे तुमची ‘छ २० सवाल’ जून १७९२ च्या दुसऱ्या आठवड्यातली असू शकते, किंवा मे १७९३ च्या अखेरची. जवळजवळ वर्षाचा फरक! नोंदीत ‘पाटीलबावांचे लष्करास’ चारा दिल्याचं आहे, आणि पाटीलबावा म्हणजे महादजी शिंदे जून १७९२ मध्येच पुण्याला आले, म्हणून पहिली तारीख धरायचा मोह होतो. मलाही झाला. पण महादजी त्यानंतर इथेच राहिले, फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला वारले. म्हणजे मे १७९३ मध्येही त्यांच्या लष्कराला चारा लागतच होता. निर्णय इतिहासावरून लागणार नाही, वहीवरूनच लागेल: या नोंदीच्या आधीची आणि नंतरची नोंद कुठल्या महिन्याची आहे? आधी जिल्हेज, मोहरम, सफर येऊन गेले असतील तर ही शेपटाकडची. ही नोंद सुरुवातीच्याच पानांवर असेल तर तोंडाकडची. पानं नंतर शिवली असतील तर हाही पुरावा लंगडा. तेव्हा टाके आधी तपासा, असं वर म्हटलं ते याचसाठी.

मामांचा शिक्का. इथे मी स्वतः एकदा सपशेल आपटले आहे, म्हणून जरा रेंगाळते. काही वर्षांपूर्वी एका घराण्याच्या कागदावर असाच ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’ असा शिक्का होता. खालच्या ओळी पुसलेल्या, ‘प्रधान’ तेवढं दिसत होतं. मी ठामपणे सांगितलं, १७४९ च्या आधीचा. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये गेले, मग दुसरं काय? त्या कुटुंबाने तसं छापूनही टाकलं. पुढे त्याच कागदाची तालीक, म्हणजे रुजू करून घेतलेली नक्कल, दुसऱ्या भाऊबंदाकडे निघाली आणि तिच्यात सन स्पष्ट होता: चाळीस वर्षं नंतरचा. साताऱ्याच्या गादीवर शाहू दोन झाले. दुसरे शाहू १७७७ पासून १८०८ पर्यंत होते, आणि त्या काळातल्या पेशव्यांच्या शिक्क्यावर पुन्हा ‘शाहू नरपति’ आलं. मध्ये रामराजे होते, तेव्हा शिक्क्यावर ‘राजाराम नरपति’. म्हणून छत्रपतींचं नाव वाचून थांबायचं नाही, खालचं प्रधानाचं, म्हणजे पेशव्याचं, नाव गाठायचं. ‘बाळाजी बाजीराव’ असेल तर थोरले शाहू. ‘माधवराव नारायण’ असेल तर धाकटे शाहू आणि सवाई माधवराव. इथेही ‘माधवराव बल्लाळ’ म्हणजे थोरले माधवराव वेगळे. बापाचं नाव वाचल्याशिवाय माधवराव कोणता ते कळत नाही. तुमच्या फोटोत शिक्क्याची तिसरी ओळ सावलीत आहे, पण शेवटी ‘रायण’ असल्यासारखं वाटतं. तसं असेल तर मामांचा कागद आणि वहीचं पहिलं पान एकाच काळातले ठरतात.

तरीही सुटा कागद हा सुटाच कागद. तो वहीत सापडला म्हणून वहीचा होत नाही. आपण जुन्या पंचांगात लाइटचं बिल ठेवतोच की.

इथवरचं एकत्र करते: वहीच्या पहिल्या भागातले व्यवहार १७९२-९३ चे आहेत, याबद्दल मला फारशी शंका नाही. ते पान त्याच वर्षी लिहिलं गेलं का, हे अजून ठरायचं आहे. आणि इथे तुमच्या मित्राच्या १८२३ चं काम आहे.

कागदात उजेडाने दिसतं ते जलचिन्ह. इंग्लंडमध्ये १७९४ च्या कायद्यानंतर निर्यातीच्या कागदावरची करसवलत मिळवायला कागदात साल घालणं गिरण्यांच्या फायद्याचं झालं, म्हणून असले साल घातलेले कागद आपल्याकडे पुष्कळ सापडतात. १८२३ चा अर्थ एवढाच की तो कागद त्याआधी नव्हता. तो बोटीने येऊन, दुकानात पडून, कुणाच्या फडताळात राहून कधी लिहिला गेला ते जलचिन्ह सांगत नाही. पाच वर्षांनी किंवा पंचवीस वर्षांनीही असेल. आणि हा पुरावा फक्त त्या पानांपुरता. पुढची पानं देशी असतील तर त्यांना तो लागू नाही. जुन्नर, दौलताबादजवळचा कागजीपुरा, इथला हातकागद उजेडात धरला तर धागे-गाठी दिसतात, जाडी सारखी नसते, पृष्ठ घोटून गुळगुळीत केलेलं असतं, आणि जलचिन्ह नसतं. शाईही पाहा. काजळाची शाई दोनशे वर्षांनीही काळीभोर राहते, फार तर पापुद्रा सुटतो. ओलं बोट मात्र लावू नका, पुसली जाईल. इंग्रजी अमलात आलेली लोहाची शाई तपकिरी पडते आणि कागद खाते. मागच्या पानांवर ‘माहे जानेवारी’, ‘इसवी’ असं दिसलं तर ती पानं पेशवाई संपल्यानंतरची, म्हणजे १८१८ नंतरची समजायला हरकत नाही.

मग दोनच शक्यता उरतात. एक, जुनीच वही पुढे वापरात राहिली. कसब्यात राज्य बदललं म्हणून दुसऱ्या दिवशी तेली-तांबोळ्यांची नावं बदलत नाहीत, आणि चांगल्या वहीतली कोरी पानं कोणी टाकून देत नाही. कमी पडली तर नवी जोडतात. दोन, सगळीच वही नंतर उतरवून काढलेली. त्याला तेव्हा सबळ कारण होतं. इंग्रज सरकारने १८४३ पासून इनामांची चौकशी लावली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला धार आली. ज्याच्याकडे कागद नाही त्याचा हक्क धोक्यात. त्या वर्षांत घरोघरी जुने कागद शोधून त्यांच्या नकला झाल्या. बहुतेक प्रामाणिक होत्या, काही नव्हत्या. नक्कल म्हणजे खोटं नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. असल कुजून गेलेलं असतं तेव्हा नक्कल हाच आपला एकमेव आधार असतो.

चालू वही आणि उतरवलेली वही यांतला फरक मी असा पाहते. चालू वहीत बोरू बदलतो, कधी ताजा कापलेला, कधी झिजलेला. शाई कधी दाट, कधी पाणीदार. नोंदी खोडलेल्या असतात, समासात बाकी वसूल झाल्याचं मागाहून टोचलेलं असतं. उतरवलेल्या वहीत अख्खं वर्ष एका बैठकीत लिहिल्यासारखं एकसारखं वाहतं. माझी सगळ्यात आवडती कसोटी बेरजेची. एका वहीत असं होतं: साळी ४, तेली ३॥।, तांबट २॥, आणि खाली बेरीज ११॥. चार, पावणेचार आणि अडीच मिळून होतात सव्वादहा. मग सव्वा रुपया कुठे गेला? पेठेचा लेखक रोज बेरजा करणारा, तो सव्वा रुपयाने चुकत नाही. पण नक्कल करणारा बेरीज करत नाही, बेरीज उतरवतो. आणि उतरवताना त्याची एक ओळ गळते. पुढच्या वर्षीच्या खात्यात कासाराच्या नावावर १। सापडला तेव्हा गळलेली ओळ कुणाची ते कळलं. तुमच्या पहिल्या दहा पानांच्या बेरजा करून पाहा. । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा, ॥। म्हणजे पाऊण, एवढं आणि मोडी आकडे आले की पुरतं. सगळ्या जुळल्या तर नक्कल नाही असं सिद्ध होत नाही, पण दोन-तीन ठिकाणी नेमकी एकेक ओळ गळलेली दिसली तर नकलेचा संशय बळावतो.

अक्षराच्या वळणावरून काळ ठरवा असं तुम्हाला कुणी सांगेल. शिवकालीन, चिटणीसी, बिवलकरी अशी वळणांची नावं आहेत, आणि शंभर वर्षांचा अंदाज त्यावरून येतोही. पण विशीत एक वळण शिकलेला कारकून साठीपर्यंत तेच लिहितो, आणि आपल्या मुलालाही तेच शिकवतो. दहा-वीस वर्षांच्या वादात वळणाला साक्षीला बोलावू नये असं माझं मत आहे. इतर काही अभ्यासकांना ते पटत नाही.

गावाबाहेरचा ताळा हवा असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तिथे ‘प्रांत अजमास’ आणि ‘घडणी’ या नावांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पाहायला मागा. त्या कसब्याचा त्याच सनाचा हिशेब हुजूर, म्हणजे पेशव्यांच्या दफ्तरात, पाठवला गेला असेल आणि टिकला असेल, तर दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवता येतील. सापडेलच अशी खात्री नाही. मला कधी पहिल्या दिवशी सापडलं, कधी दोन वर्षं घालवून हात हलवत परतले. तुमच्या वहीत पुणे शहराचे उल्लेख असतील तर पेठांची नावंही टिपून ठेवा. रविवार पेठेला मलकापूर म्हटलं असेल, शुक्रवारला विसापूर, तर जुन्या नावांची सवय असलेला माणूस लिहितोय. सदाशिव पेठ आली तर ती नोंद पानिपतानंतरची, कारण पेठ पानिपतात पडलेल्या सदाशिवराव भाऊंच्या स्मरणार्थ वसली.

लॅमिनेशनचं विचारलंत: करू नका. सेलोटेप नको, शिवण उसवू नका, उन्हात वाळवू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. खारवाही टाकून देऊ नका. त्याच्यावर कधी कधी दफ्तराचं नाव लिहिलेलं असतं.

पुढचं सांगायला मला चार फोटो लागतील. शिक्क्याची खालची ओळ, खिडकीच्या तिरप्या उजेडात. ‘छ २० सवाल’च्या आधीचं आणि नंतरचं पान. जिथे देशी कागद संपून इंग्रजी कागद सुरू होतो ती दोन पानं समोरासमोर उघडून, म्हणजे हात तोच आहे का ते दिसेल. आणि शिवणीचा दोरा जवळून, आतल्या बाजूने.